आधी मतं मोजा

विधानसभा त्रिशंकू होण्याची नुसती शक्यता दिसली, की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. अल्पमतातलं सरकार म्हणजे रोजची ओढाताण, अपक्षांची मनधरणी, अडकलेल्या फायली. त्याची झळ मुंबई-पुण्याला लागत नाही, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला लागते. म्हणून एकाच बाजूला भक्कम कौल द्या. हे प्रचारसभांत बोललं जातं, अग्रलेखांत लिहिलं जातं, आणि भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळात चहाच्या टपरीवरही पूर्ण खात्रीने सांगितलं जातं. सांगणारे बहुतेक प्रामाणिक असतात. धानाचे चुकारे थकलेले, रस्ता उखडलेला, पोरगा नोकरीसाठी नागपूरला. अशा माणसाला ‘स्थिर सरकार’ हवंसं वाटणारच. पण हा युक्तिवाद इतिहासात टिकत नाही, आणि तो मान्य केला तर मतदार म्हणून आपण एक मोठा हक्क गमावतो. म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करतो आहे.

सुरुवात घरापासूनच करू. गोसीखुर्दचं धरण आमच्या पवनी तालुक्यात आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. तेव्हा लोकसभेत त्यांच्या पक्षाचे चारशेहून अधिक खासदार होते आणि मुंबईत शंकरराव चव्हाणांचं सरकार काँग्रेसच्या स्वतःच्या बहुमतावर उभं होतं. याहून भक्कम कौल या देशाने कुणाला दिलेला नाही. प्रकल्पाचा मूळ अंदाज 372 कोटी रुपयांचा होता, तो पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला. 2009 साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ठरलेलं अडीच लाख हेक्टरांचं सिंचन मात्र पायाभरणीला पस्तीस वर्षं उलटली तरी पूर्ण झालेलं नव्हतं. वैनगंगेच्या पाण्याखाली ज्यांची घरं-शेतं गेली, ती गावं पुनर्वसनासाठी प्रत्येक रंगाच्या सरकारच्या दारात उभी राहिली. भक्कम बहुमतानेच मागास भागाचा विकास होत असता, तर त्याचा पहिला पुरावा आमच्या तालुक्यात दिसायला हवा होता.

आता दुसरी बाजू. ग्रामसभेला घटनेत स्थान देणारी आणि पंचायतीत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी 73वी घटनादुरुस्ती संसदेने डिसेंबर 1992 मध्ये मंजूर केली, आणि ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. त्या वेळी दिल्लीत नरसिंह रावांचं सरकार होतं. 1991 च्या निवडणुकीत त्याला बहुमत मिळालेलं नव्हतं. अड्याळच्या ग्रामपंचायतीत बायका अधिकाराने खुर्चीवर बसल्या, त्या अल्पमतातल्या सरकारच्या काळात झालेल्या या बदलामुळे. दूरचा दाखला हवा असेल तर कॅनडाचा घ्या. 1963 ते 1968 या काळात लेस्टर पिअर्सन यांना दोन निवडणुकांत एकदाही बहुमत मिळालं नाही. तरी त्या देशाची सरकारी आरोग्यविम्याची व्यवस्था, निवृत्तिवेतन योजना आणि आजचा राष्ट्रध्वज या तिन्ही गोष्टी त्याच काळातल्या आहेत. सरकारला स्वतःच्या बाकांपलीकडची मतं लागली की त्याला विरोधकांशी बोलावं लागतं, आणि बोलण्यातून कायदे घडतात.

पण माझा मुद्दा अल्पमतातल्या सरकारची भलामण करण्याचा नाही. अशी सरकारं वाईटही असतात. सरकारकडे बहुमत आहे की नाही, यापेक्षा सभागृहाने ते मोजलं की नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि हे सांगायला आपल्याच प्रांताचा विधिमंडळाचा इतिहास पुरेसा आहे.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि कायदे कौन्सिल नागपुरात. 1919 च्या सुधारणांनी द्विदल राज्यपद्धती आणली होती: पोलीस, महसूल, अर्थ ही खाती गव्हर्नरच्या मुठीत, शिक्षण, स्थानिक स्वराज्य अशी काही खाती भारतीय मंत्र्यांकडे. 1923 च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं. पक्षाचं धोरणच आतून ही व्यवस्था अडवण्याचं होतं, त्यामुळे त्याने मंत्रिपदं नाकारली. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी बहुमताबाहेरचे मंत्री नेमले. प्रांताच्या विधिमंडळात उभं राहिलेलं हे खरंखुरं अल्पमताचं मंत्रिमंडळ. पुढे काय झालं? 1924 मध्ये सभागृहाने मंत्र्यांवर अविश्वास दाखवला, अंदाजपत्रकातल्या मागण्या फेटाळल्या, आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. मंत्री गेले. त्यांची खाती गव्हर्नरला स्वतःच्या हाती घ्यावी लागली, आणि ही व्यवस्था जबाबदार राज्यपद्धती नाही हे त्यातून उघड झालं.

यावर कुणी म्हणेल, यात लोकांचं काय भलं झालं? शाळांचे, नगरपालिकांचे पैसेच अडकले ना? ही टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच चुकीची नाही. स्वराज्य पक्षाच्या आतही याच प्रश्नावर फूट पडली. ऑक्टोबर 1925 मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली. पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू संतापले. पक्षातल्याच केळकर, जयकर, मुंजे यांनी प्रतियोगी सहकारिता, म्हणजे मिळेल त्या प्रतिसादानुसार सरकारशी सहकार्य करण्याची भूमिका, उचलून धरली. तांबे बरोबर की नेहरू, हा वाद आजही घालता येईल. पण तो वाद आपण घालू शकतो तो एवढ्यासाठीच, की कोण कुठे उभं होतं हे त्या सभागृहाच्या कामकाजात आहे. फार थोड्यांना मताधिकार असलेलं, गव्हर्नरच्या सावलीतलं ते कौन्सिल. तरी तिथे प्रश्न मताला टाकला गेला, मतं मोजली गेली, आणि अल्पमतातल्या मंत्र्यांना त्या मोजणीपुढे जावं लागलं.

तेरा वर्षांनी याच प्रांतात उलटं घडलं. 1937 च्या निवडणुकीत 112 जणांच्या मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेत काँग्रेसने 70 जागा जिंकल्या. गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाही असं आश्वासन मिळेपर्यंत सत्ता घ्यायची नाही, असं काँग्रेसने ठरवलं. मग 1 एप्रिल 1937 ला ई. राघवेंद्रराव यांचं हंगामी मंत्रिमंडळ आलं. हेच राघवेंद्रराव 1924 साली स्वराज्य पक्षाच्या बाकांवर होते. मुंबई इलाख्यात तसंच धनजीशा कूपर यांचं मंत्रिमंडळ बसलं. दोन्ही मंत्रिमंडळांमागे बहुमत नव्हतं, आणि दोन्ही मंत्रिमंडळं सभागृहाकडे विश्वास मागायला गेलीच नाहीत. साडेतीन महिने खाती चालली, आदेश निघाले, सह्या झाल्या. जुलैत काँग्रेसने सत्ता स्वीकारल्यावर नागपुरात डॉ. ना. भा. खरे आणि मुंबईत बाळासाहेब खेर आले, तेव्हा ती मंत्रिमंडळं बाजूला झाली. आज त्यांची आठवण कुणालाही नाही, आणि नसावीच.

खेरांचं उदाहरण स्थैर्यवाद्यांनी जरूर पाहावं. 175 जणांच्या मुंबई विधानसभेत काँग्रेसच्या स्वतःच्या जागा 86, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. बाकीची मतं जुळवून हे सरकार सभागृहात उभं राहिलं आणि 1939 मध्ये युद्धाच्या प्रश्नावर त्याने स्वतः राजीनामा दिला तोवर चाललं. त्याने केलेला प्रत्येक कायदा मला मान्य आहे असं नाही. 1938 च्या औद्योगिक कलह कायद्याने कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं आणली. विरोधी बाकांवरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला, आणि 7 नोव्हेंबरला मुंबईत मोठा संप झाला. सरकार टिकलं, विरोधकांनी त्याला सोलून काढलं, आणि दोन्ही गोष्टी एकाच सभागृहात झाल्या. विधिमंडळाचं काम याहून वेगळं नसतं.

बाबासाहेबांचं नाव आलंच आहे, तर या वादातला सर्वांत मोठा पुरावा त्यांचाच आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी हा प्रश्न थेट हाताळला होता. लोकशाही कार्यकारी मंडळाकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था सापडलेली नाही, असं त्यांनी मांडलं. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते. संसदीय पद्धतीत सरकारची झडती निवडणुकीपुरती राहत नाही. प्रश्न, ठराव, अविश्वास आणि चर्चा यांतून ती दररोज होते. आपला मसुदा जबाबदारीला झुकतं माप देतो, हे त्यांनी लपवलं नाही. म्हणजे ‘स्थैर्य सगळ्यांत आधी’ हा पर्याय घटनाकारांपुढे होता आणि त्यांनी तो विचारपूर्वक बाजूला ठेवला. आज बहुमताच्या नावाने जो युक्तिवाद चालतो, तो या निवडीच्या विरोधात जातो. ज्या भंडारा मतदारसंघाने 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पराभूत केलं, त्या जिल्ह्याने तरी त्यांचा हा मुद्दा नीट वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता 2014 कडे येतो, कारण महाराष्ट्रातला अल्पमताच्या सरकारचा सर्वांत ठळक प्रसंग तोच, आणि त्यात भंडाऱ्याचा हात सरळ दिसतो. 19 ऑक्टोबरला निकाल लागला. 288 पैकी भाजपला 122, शिवसेनेला 63, काँग्रेसला 42 आणि राष्ट्रवादीला 41. बहुमताला 145 हवेत. निकाल पुरते लागायच्या आतच राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल यांनी भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला. कारण दिलं ते स्थैर्याचं. पटेल म्हणजे आमच्या भंडारा-गोंदियाचे माजी खासदार. त्याच वर्षी मे महिन्यात भाजपच्या नाना पटोलेंनी त्यांना लोकसभेत हरवलं होतं. ज्या पक्षाविरुद्ध महिनाभर सभा घेतल्या, त्याच पक्षाला न मागता पाठिंबा, आणि तोही मतदारांना विचारण्याची काही सोय नसताना. 31 ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला.

इथवर घटनाबाह्य काहीच नव्हतं. सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावणं आणि त्याने सभागृहात विश्वास मिळवणं, हा राजमार्ग आहे. एस. आर. बोम्मई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगून ठेवलं, की बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायची. 12 नोव्हेंबर 2014 ला ती परीक्षा आली. हरिभाऊ बागडे बिनविरोध अध्यक्ष झाले. विश्वासदर्शक ठराव मांडला गेला आणि आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर झालं. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजन मागितलं. ते झालं नाही. बाहेर राज्यपालांची गाडी अडवली गेली, गोंधळ झाला, काँग्रेसचे पाच आमदार निलंबित झाले. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती त्या धक्काबुक्कीची.

त्या दिवशी घडलेली गंभीर गोष्ट वेगळीच होती. 122 आमदारांचं सरकार विश्वास जिंकल्याचं सांगत होतं, आणि त्याच्या बाजूने किती मतं पडली हे जगातल्या कुणालाही सांगता येत नव्हतं. राष्ट्रवादीच्या 41 जणांनी ‘होय’ म्हटलं, की गप्प बसले? अपक्षांनी काय केलं? 2014 मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या तिन्ही जागा भाजपने जिंकल्या होत्या. आमच्या तिन्ही आमदारांनी ठरावाला पाठिंबा दिला असणार, हे आपण गृहीत धरतो. पण आवाजी मतदानात नावं लिहिली जात नाहीत, म्हणून ते गृहीतच राहतं. धान खरेदी केंद्रावर पोती काट्यावर न चढवता नुसत्या नजरेने माप लिहिलं, तर अड्याळचा एकही शेतकरी पावतीवर सही करणार नाही. राज्याच्या सत्तेचं माप मात्र आवाजावर झालं, आणि आपण ते मान्य केलं.

यावर स्थैर्यवाद्यांचं उत्तर मला ठाऊक आहे: 5 डिसेंबरला शिवसेना सरकारात आली, प्रश्न मिटला, सरकार पाच वर्षं टिकलं, मग कशाला उकरायचं? मी म्हणतो, इथेच त्यांचा युक्तिवाद कोसळतो. 12 नोव्हेंबरला विरोधी पक्षनेते म्हणून बसलेले एकनाथ शिंदे महिन्याभरात मंत्री झाले. सरकार टिकलं ते या नंतरच्या जुळणीमुळे. मोजणी टाळल्यामुळे टिकलं, असं कुणी दाखवू शकत नाही. त्या दिवशी मतं मोजली असती तर दोनच गोष्टी शक्य होत्या. सरकार जिंकलं असतं आणि राष्ट्रवादीला आपला पाठिंबा नावानिशी नोंदवावा लागला असता. किंवा ते हरलं असतं आणि शिवसेनेशी बोलणी महिनाभर आधी, उघड्यावर करावी लागली असती. दोन्हींत मतदाराचा फायदा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो घोडेबाजाराचा. काठावरची संख्या असली की आमदार विकले जातात, हॉटेलांत कोंडले जातात, परराज्यांत नेले जातात. 2002 मध्ये विलासराव देशमुखांच्या विश्वासमताच्या वेळी महाराष्ट्राने हे पाहिलं. नरसिंह रावांच्या सरकारने जुलै 1993 मध्ये अविश्वास ठराव परतवला, तो झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच देऊन, हे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हा रोग खरा आहे आणि मी त्याला लहान म्हणणार नाही. पण बारकाईने पाहा. 1993 ची लाच उघडकीला आली, खटला उभा राहिला, आणि कोणी कुठे मत दिलं याची नोंदही होती. 1998 मध्ये न्यायालयाने लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना संरक्षण दिलं, आणि मार्च 2024 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. आता लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला विशेषाधिकाराची ढाल नाही. हा कायदा ज्या मताची नोंदच नाही त्याला कसा लावणार? बाजार बंद करायचा असेल तर मोजणी आधी उघड्यावर आणावी लागेल.

आणि बाजार फक्त अल्पमतातच भरतो, हेही खोटं आहे. 30 नोव्हेंबर 2019 ला उद्धव ठाकरे सरकारने 169 मतांनी विश्वास जिंकला. भक्कम आकडा. साकोलीचे आमदार नाना पटोले विधानसभेचे अध्यक्ष झाले. आमच्या जिल्ह्याला तो मान मिळाला. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षपदासाठी ती खुर्ची सोडली, आणि पुढचे सतरा महिने महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्ष नव्हता. बहुमत असलेल्या सरकारने गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने अध्यक्ष निवडण्यासाठी नियम बदलला, आणि राज्यपालांनी तारीख दिली नाही. आपलीच मतं मोजायला हे सरकार कचरलं. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आमदारांच्या अपात्रतेच्या नोटिसा काढायला उपाध्यक्ष होते आणि त्यांच्याच अधिकारावर वाद होता. भंडाऱ्यातून 2019 ला अपक्ष निवडून आलेले नरेंद्र भोंडेकरही शिंदेंच्या बाजूला गेले.

त्यानंतर जे झालं ते या लेखाच्या मुद्द्याला न्यायालयाने दिलेली पुष्टी आहे. 29 जूनला ठाकरेंनी सभागृहाला सामोरं न जाता राजीनामा दिला. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही. राज्यपाल चुकले, तरी न झालेल्या मोजणीवर न्याय देता आला नाही. 1978 मध्ये वसंतदादा पाटील आणि नाशिकराव तिरपुडे यांचं दोन काँग्रेसचं सरकार शरद पवारांच्या बाहेर पडण्याने गेलं, तेही राजीनाम्याने. पवारांचं सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये दिल्लीने बरखास्त केलं. 2019 मध्ये फडणवीस-अजित पवार सरकारला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी उघड मतदान घेण्याचा आदेश दिला, आणि मोजणीच्या आदल्या दिवशीच ते सरकार गेलं. इतकी सरकारं गेली, आणि सभागृहात हात वर करून एकही पडलं नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाची मला वाटणारी खरी कमजोरी ही आहे. तिला अल्पमत जबाबदार नाही.

मोजणी झाली की निकाल न आवडणाऱ्यालाही तो मान्य करावा लागतो. गोव्यात मार्च 2017 मध्ये 40 पैकी 13 जागा मिळालेल्या भाजपने सरकार बनवलं, 17 जागांची काँग्रेस बाहेर राहिली. ते नैतिक होतं का, हा वाद राहील. पण न्यायालयाच्या आदेशाने लगेच मतदान झालं, 22 विरुद्ध 16, आणि मुख्यमंत्री पर्रीकरांना कोणी कोणी मत दिलं हे गोव्याच्या मतदाराला माहीत झालं. 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारने विश्वास जिंकला तो 164 विरुद्ध 99 अशी शिरगणती होऊन. मला तो सत्ताबदल मान्य नाही. पण भंडाऱ्याच्या आमदाराने त्या दिवशी कुठे मत दिलं, हे मला ठाऊक आहे, आणि पुढच्या निवडणुकीत मला त्याचा जाब विचारता येतो.

अड्याळ नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत संपला. आता आम्ही भंडारा मतदारसंघात मोडतो. आपला आवाज तसाही पातळ झाला आहे; तो नोंदीतूनही पुसला जाऊ नये. म्हणून माझी मागणी साधी आहे. विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावावर आवाजी मतदान चालणार नाही, प्रत्येक वेळी नावानिशी मतविभाजन होईल आणि कोणी कुठे मत दिलं हे त्याच दिवशी प्रसिद्ध होईल, अशी दुरुस्ती महाराष्ट्र विधानसभेच्या नियमांत झाली पाहिजे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृह आपले नियम स्वतः बदलू शकतं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आपले आमदार निघतील, तेव्हा धानाच्या बोनसची मागणी आपण त्यांच्यापुढे ठेवणारच आहोत. तिच्यासोबत ही मागणीही ठेवा, आणि या नियमदुरुस्तीचा प्रस्ताव ते स्वतः मांडणार की नाही, याचं उत्तर त्यांच्याकडून लेखी घ्या.